मे महिन्यातला निकाह आणि पुरुषांचे कपडे

'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द आपल्या घरांत नवा आहे, पण ती गोष्ट नवी नाही. ठाणे, मुंब्रा, कल्याण, भिवंडी या भागात राहणारी कोकणी मुसलमान कुटुंबे कित्येक वर्षांपासून मे महिन्यात लग्नासाठी गावी जात आली आहेत. मुलांच्या शाळांना सुटी असते, आखाती देशांतले भाऊ-मेहुणे रजा काढून आलेले असतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत कार्य उरकायचे असते. दिव्याला कोकणची गाडी पकडायची, माणगावला उतरायचे, तिथून एसटीने म्हसळा किंवा श्रीवर्धन. सामानात आंब्यांसाठी रिकाम्या पिशव्या, लेकरांच्या हातात पाण्याच्या बाटल्या. सगळे खानदान घरापासून दीडशे किलोमीटर दूर जाऊन, ऐन उकाड्यात, तीन-चार दिवस एकत्र राहायचे. याला वेगळे काही नाव असते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते.

फरक इतकाच झाला की पूर्वी मुक्काम गावच्या घरी असे, आता तो समुद्राकाठच्या रिसॉर्टवर असतो. आणि दुसरा फरक कपड्यांचा. त्याबद्दलच हे लिहितो आहे.

माझे अब्बा कल्याणात शिलाईकाम करायचे. त्यामुळे लग्नाचा मोसम मी लहानपणी मांडवात कमी आणि दुकानात जास्त पाहिला. त्या काळी गावच्या लग्नासाठी पुरुषांचे शिवण म्हणजे पांढरा सुती कुर्ता, पायजमा आणि डोक्यावर टोपी. म्हातारी माणसे लुंगी नेसायची. नवऱ्या मुलाचा जोड नवा असे, त्यावर फुलांचा सेहरा चढे, म्हणजे तो ओळखू येई. आमच्या गावी निकाह बहुधा इशाच्या नमाजनंतर व्हायचा, झावळ्यांच्या मांडवात. दिवस कलला की हवा जरा हलायची. अब्बांनी शिवलेले तेच कुर्ते नंतर वर्षभर जुम्म्याला आणि ईदला अंगावर दिसायचे.

आज लग्नात शेरवानी नसेल तर काही राहून गेले असे लोकांना वाटते. शेरवानी देखणी असते, यात वाद नाही. पण ती कुठली आहे हे आपण विसरतो. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात अंगरखा-अचकन आणि इंग्रजांचा लांब कोट यांच्या मेळातून ती आली. लखनौ, अलीगढ, हैदराबाद इथल्या शरीफ घराण्यांनी तिला मान दिला. अलीगढ विद्यापीठाची काळी शेरवानी आजही प्रसिद्ध आहे. उत्तरेत तिला साथ देणारा हिवाळा असतो. मोबाईलवर आपल्या मुलांना दिसणारे राजवाड्यातल्या लग्नांचे फोटोही बहुतेक राजस्थानातल्या थंडीच्या मोसमातले असतात. तो पोशाख जसाच्या तसा श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मे महिन्यात दुपारी चढवला, की आतला माणूस शिजतो.

आमच्या घरी हा प्रश्न माझ्या भाच्याच्या निकाहच्या वेळी आला. भाचा दोह्याला नोकरीला आहे. माझी आपा कौशाला राहते, मुलीकडचेही तिथलेच. निकाह श्रीवर्धनकडच्या एका रिसॉर्टवर, मेच्या दुसऱ्या आठवड्यात, जोहरनंतर ठरला. दीड महिना आधी व्हॉट्सॲपवर संदेश आला. निकाहला सगळ्या पुरुषांनी फिकट निळा बंदगळा घालायचा, संध्याकाळच्या जेवणाला काळा सूट. सोबत रंगाचे नमुने आणि दोन फोटो.

दोन दिवसांनी दिव्याहून भाईजानचा फोन आला. भाईजान म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. रिक्षा चालवतात, तीन मुलगे आहेत. म्हणाले, "अरे, तुम्ही सगळे जा. मला त्या आठवड्यात रिक्षा पासिंगला न्यायची आहे. आमची दुआ आहेच."

रिक्षाचे पासिंग चार दिवस पुढे-मागे करता येते. हे त्यांना माहीत होते आणि मलाही. मी उल्हासनगरच्या बाजारात चौकशी केली. बरा दिसेल असा सगळ्यात स्वस्त बंदगळा 3,500 रुपयांना होता. बाप आणि तीन मुलगे मिळून 14,000 रुपये, तेही एका दुपारसाठी. काळ्या सुटांचा हिशेब मी केलाच नाही. ज्या माणसाने या भाच्याला लहानपणी खांद्यावर बसवून गावचा उरूस दाखवला, तो कापडाच्या एका रंगापायी त्याच्या निकाहला येणार नव्हता.

मी कौशाला गेलो. भाचा समजूतदार आहे, पण त्याचेही म्हणणे होते. "मामू, फोटो एकसारखे आले पाहिजेत. आयुष्यात एकदाच होतं हे. आणि कुणावर जबरदस्ती नाही, ज्याला जमेल त्याने घालावं."

मी त्याला एवढेच म्हटले, "ज्याला जमणार नाही तो वेगळ्या रंगात येऊन उभा राहत नाही, बेटा. तो येतच नाही."

आपा आतून सगळे ऐकत होती. तिने एक हदीस आठवण करून दिली, आपण सगळ्यांनी ऐकलेली. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्या जेवणाला प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सर्वांत वाईट जेवण म्हटले आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपा म्हणाली, "आपण भाईजानला कार्ड दिलंय, म्हणजे वगळलं नाही असं आपल्याला वाटतं. पण दारात कपड्यांची अट ठेवली, की झालं तेच ना?" भाचा गप्प झाला. रंग बदलायचा की नाही हे मात्र त्या दिवशी ठरले नाही.

दुसरा मुद्दा उकाड्याचा होता, आणि तो मला शिलाईच्या बाजूने समजावता आला. बाजारातला तयार बंदगळा किंवा शेरवानी उलटी करून पाहा. वरचे कापड बहुधा पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-मिश्र असते. आकार टिकावा म्हणून छातीला आणि गळ्याला बक्रम चिकटवलेले असते. त्याखाली गुळगुळीत अस्तर, तेही पॉलिस्टरचे. त्याच्या आत आपला कुर्ता, कुर्त्याच्या आत बनियन. म्हणजे अंगावर चार-पाच थर झाले. शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. किनाऱ्यावर हवेतच इतकी वाफ असते की घाम आधीच सावकाश वाळतो, आणि पॉलिस्टर त्याला बाहेरही जाऊ देत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागासाठी किमान 40 अंशांचा निकष लावते आणि किनारी भागासाठी 37 अंशांचा.

हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. पण 16 एप्रिल 2023 चा दिवस आपल्या बाजूच्या लोकांनी विसरू नये. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि उष्माघाताने 14 माणसे गेली. त्या दिवशी पारा 38 अंशांच्या आसपास होता. तिथे दोष कपड्यांचा नव्हता, उघड्या मैदानातल्या उन्हाचा होता. पण 38 अंश हा आकडा आपल्याला किरकोळ वाटतो, तसा तो नाही, हे त्यातून कळते. लग्नात सगळ्यात पुढे बसवतो ती आपली वडीलधारी माणसे. कुणाला साखर आहे, कुणी रक्तदाबाच्या गोळ्या घेतो. त्यांतल्या काही गोळ्या शरीरातले पाणी कमी करतात. अशा माणसाला अस्तर लावलेल्या कोटात दोन तास बसवणे ही इज्जत नव्हे.

दीन याबद्दल काय सांगतो? आपण समजतो त्यापेक्षा बरेच जवळचे सांगतो. सूरह अन्-नहलमध्ये अल्लाहने आपल्या देणग्या मोजल्या आहेत. त्यांत उन्हापासून वाचवणाऱ्या वस्त्रांचाही उल्लेख आहे. म्हणजे उकाड्यात अंगाला जपणारे कापड ही नेमत आहे, आणि तेच कापड उकाडा वाढवू लागले तर कपड्याचे एक कामच हरवले. सूरह अल्-आराफमध्ये इबादतीच्या वेळी चांगले कपडे घालायला सांगितले आहे आणि लगेच पुढे उधळपट्टीला मनाई केली आहे. दोन्ही गोष्टी एकाच जागी आहेत.

चांगले कपडे घालणे हे दीनविरोधी आहे असे मी म्हणत नाही. एक सहाबी फाटक्या-विटक्या वेशात आले तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना विचारले की तुझ्याकडे माल आहे का, आणि आहे म्हटल्यावर अल्लाहच्या कृपेची खूण अंगावर दिसू दे असे सांगितले. त्याचबरोबर, लोकांनी वळून पाहावे म्हणून घातलेल्या पोशाखाबद्दल कडक इशाराही दिलेला आहे. नीटनेटके राहावे, पण मिरवू नये. लग्नातला पुरुष या दोहोंच्या मध्ये कुठे उभा आहे, हे ज्याचे त्याला कळते.

रेशमाचा प्रश्न लग्नात हमखास निघतो. पुरुषांना अस्सल रेशीम आणि सोने मना आहे हे घरातल्या लहान मुलालाही माहीत असते. तरी 'सिल्कची शेरवानी' म्हणून आपण जी विकत घेतो, ती पुष्कळदा रेशीम नसतेच. 'आर्ट सिल्क' हे पॉलिस्टर किंवा व्हिस्कोज असते. त्यात रेशमाची मनाई येत नाही, पण रेशमाची शोभाही येत नाही, आणि पॉलिस्टर असेल तर उकाडा मात्र पुरेपूर येतो. याच विषयातली दुसरी एक गोष्ट मला फार आवडते. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत जुबैर यांना अंगाला खाज सुटायची, म्हणून प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना रेशीम वापरायची सवलत दिली. शरीराच्या त्रासाची तिथे इतकी कदर झाली. मग आपण आपल्या हाताने त्रासदायक कपडा निवडावा आणि दुसऱ्यांवरही लादावा, हे कशासाठी?

आपल्या पूर्वजांनी या अटीतूनही सुंदर वाटा काढल्या होत्या. गुजरातेतल्या पाटण आणि मांडवी इथे विणले जाणारे मशरू कापड वरून रेशमी दिसते, पण अंगाला लागते ते सूत. त्याच्या नावाचा अर्थच मुळी शरीअतला मान्य असा आहे. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादचे हिमरू आहे, सूत आणि रेशीम यांचे मिश्र विणकाम. दौलताबादला राजधानी हलली तेव्हा, म्हणजे 1327 च्या सुमारास, विणकरांबरोबर ही कला दख्खनमध्ये आली असे परंपरेने सांगतात. हिमरूच्या शेरवान्या एके काळी मोठ्या मानाने घातल्या जात. मिश्र कापडात रेशीम किती चालते याबद्दल मस्लकांमध्ये तपशिलाचे फरक आहेत, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मला सांगायचे आहे ते एवढेच, की नवऱ्या मुलाला काही खास हवे असेल तर हिमरूची बिनबाह्यांची एक सदरी पुरते. सुती कुर्त्यावर ती शोभते आणि उकडले की काढून ठेवता येते.

आमच्याकडे शेवटी काय ठरले ते सांगतो. आठवडाभर भाच्याने विचार केला. मग नवा संदेश पाठवला. पुरुषांनी पांढरा सुती कुर्ता-पायजमा घालून यावे, घरात असेल तोच, नवा घेऊ नये. फिकट निळ्या रंगाची हौस त्याने स्वतःच्या, भावाच्या आणि भावजींच्या सदऱ्यांवर भागवली. काळ्या सुटाची बात निघालीच नाही.

त्यावरही बोलणी झाली. माझे एक मेहुणे म्हणाले, "सगळे पांढऱ्यात? लग्न आहे की जनाजा?" त्यांना उत्तर आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांनी दिले. पांढरे कपडे जिवंतपणी घाला आणि मय्यतलाही त्यातच कफन द्या, असे हदीसमध्ये दोन्ही एकत्र सांगितले आहे. पांढऱ्यावर पहिला हक्क जिवंत माणसांचा आहे. मेहुणे हसले आणि कपाटातून ईदचा कुर्ता काढला.

नवऱ्या मुलाची मोतिया शेरवानी आधीच विकत घेतलेली होती. ती मी आमच्या ओळखीच्या मास्तरांकडे नेली. अब्बा नेहमी म्हणायचे, अस्तर आधी बघ, कापड नंतर. मास्तरांनी पाठीचे आणि बाह्यांचे पॉलिस्टर अस्तर उसवून तिथे मलमल लावली. छातीचे बक्रम तसेच ठेवले, म्हणजे आकार बिघडला नाही. निकाहची वेळ जोहरऐवजी असरनंतर केली. एवढ्या दोन बदलांनी मुलगा दुआपर्यंत ताठ बसला.

भाईजान आले. रिक्षाचे पासिंग पुढच्या आठवड्यात झाले. निकाहच्या वेळी ते पहिल्या ओळीत बसले होते आणि त्यांचे तिन्ही मुलगे दस्तरखानावर वाढायला होते. फोटो एकसारखेच आले. समुद्रापुढे पांढऱ्या कपड्यांतली माणसे चांगली दिसतात, हे फोटोवाल्याने आपणहून सांगितले.

यंदा ज्यांच्या घरी असे कार्य आहे त्यांच्यासाठी काही साध्या गोष्टी लिहितो. कापड घेताना दुकानदाराच्या शब्दावर राहू नका. कडेचा एखादा धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर काडी लावून बघा. सूत कागदासारखा वास देत जळते आणि त्याची राख बोटांत भुरभुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी होते. दोन्ही दिसले तर कापड मिश्र आहे. सुतात मलमल, व्हॉइल, खादी किंवा लखनवी चिकनकारीचे सुती कापड, यांपैकी काहीही चालते. लिनन थंड असते, पण लवकर चुरगळते आणि महागही पडते. मलमल फार पातळ असेल तर अंग दिसते, तेव्हा आत सुती बनियन घाला किंवा जरा घट्ट विणीचे कापड घ्या. रंग फिका ठेवा.

शिवताना माप ढिले द्या. काखेत आणि पाठीवर हवा खेळली पाहिजे. लग्न म्हटले की वाटेत दोन-तीन नमाजा येतातच. बाही इतकी अरुंद नको की वुजूसाठी कोपरावर जाणार नाही. चुडीदार इतका तंग नको की सजद्यात शिवण उसवेल. मी अशा शिवणी पाहिल्या आहेत, आणि जमातीत उभे असताना ते फार अवघड होते. पायजमा सरळ, घोट्याच्या वर, नाडीचा असावा. वाळूत चालायचे असेल तर भरतकामाची बंद मोजडी नको, साधी चामडी चप्पल बरी. बॅगेत कुर्त्याचा एक जास्तीचा जोड आणि एक मोठा सुती रुमाल ठेवा. मे महिन्यात घामाने भिजलेला कुर्ता संध्याकाळपर्यंत कुणीच घालू नये.

म्हाताऱ्या माणसांना कोट, सदरी, काही नको. त्यांना पंख्याखालची जागा द्या आणि कुणीतरी त्यांच्या पाण्याकडे लक्ष ठेवा. लहान मुलांना तयार शेरवानी घालून फोटो काढायची हौस सगळ्यांना असते. ती फोटोपुरतीच असू द्या, दहा मिनिटांत काढून घ्या. चरचरणारी जर मुलांच्या मानेला लागते आणि ती मग दिवसभर रडतात.

आणि दावत देताना, रंग ठरवायचाच असेल तर असा ठरवा जो प्रत्येकाच्या कपाटात आधीच आहे. पत्रिका छापण्यापूर्वी खानदानातल्या सगळ्यात कमी कमाईच्या घराचा विचार करा. त्या घरातला माणूस आहे त्या कपड्यांत येऊन पुढे बसू शकेल का? उत्तर नाही आले, तर अट बदला. ते पाहुणे तुम्हाला कधीच कारण सांगणार नाहीत. ते रिक्षाचे पासिंग सांगतील, तब्येत सांगतील, दुआ देतील आणि घरी राहतील.

भाईजानच्या धाकट्या मुलाकडे पांढरा कुर्ता नव्हता. त्याच्यासाठी कल्याणात तीन मीटर सुती कापड घेऊन मास्तरांकडून शिवून घेतला. तो कुर्ता अजून दर जुम्म्याला त्याच्या अंगावर असतो. कॉलर जरा विरली आहे, बाकी कापड शाबूत आहे.